चोरलची खाडी

सिमरोळचा घाट उतरेपर्यंत आम्ही बरे होतो.
मग थर्मासचं झाकण घरीच राहिल्याचं निघालं,
आणि झाकणावरून निघालेली गोष्ट गेली
थेट मार्चमधल्या राजीनाम्यापर्यंत,
जो रेगेने मला न विचारता दिला
आणि मी काही न बोलता घडी घालून ठेवला.

धरणाच्या भिंतीपाशी पाटी आहे:
परिक्रमा पथ, सात किलोमीटर.
बाण दोन, दोन दिशांना.
"पाणी उजव्या हाताला हवं," रेगे म्हणाला.
"धरण आहे, देव नाही," मी म्हटलं.
तो डावीकडे गेला. मी उजवीकडे.
चाळीस वर्षांत इतक्या सोप्या रीतीने
आम्ही कधी वेगळे झालो नव्हतो.

इथल्या टेकड्या भांडखोर नाहीत.
चढतात, जरा थांबतात,
विचार बदलून उतरायला लागतात.
जानेवारीचं गवत रतलामी शेवेच्या रंगाचं,
सागाची पानं पायाखाली पापडासारखी,
आणि दर वळणावर, झाडी विरळ झाली की,
डाव्या हाताला पाणी.
टेकड्यांच्या खिशात हात घालून उभं असल्यासारखं.

रेगे त्याला खाडी म्हणतो.
पणजोबा निघाले तो समुद्र
त्याने उभ्या जन्मात तीनदा पाहिलाय,
तिन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नाला जाऊन.
पण शब्द आहे घरात,
तांब्याच्या घंगाळासारखा,
पाणी मिळेल तिथे तो भरून घेतो.

दुसऱ्या चढावर दम लागला म्हणून थांबले.
पलीकडच्या काठावर एक लाल ठिपका होता.
त्याची टोपी.
ठिपकाही थांबलेला.
मी हात केला नाही.
त्याने केला असेल तर
एवढ्या पाण्यावरून दिसला नाही.

एक म्हैस वाटेत आडवी.
तिला मी जे बोलले
ते सगळं तिच्यासाठी नव्हतं.
मागून शेळ्यांचा पोरगा आला, डावरांचा गुड्डू.
"आंटी, उलटे चल रई हो आप.
सब उधर से आते हैं."
"मालूम है, भिया," मी म्हटलं.
त्याला मूठभर भुईमुगाच्या शेंगा दिल्या.

पार टोकाला, नाल्याच्या फरशीवर
आम्ही समोरासमोर आलो.
थर्मासच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी, वर रबर.
निम्मा चहा त्याच्या पँटवर.
उरलेला त्याने मला दिला.
"तिकडे काय?"
"म्हशी. एक मारकी वाटते, नाहीये. आणि तिकडे?"
"मोहाच्या झाडापुढे मुरूम निसटतो. जपून."
त्याने काठी माझ्या हातात दिली.

बरोबर परतता आलं असतं,
त्याच्या वाटेने किंवा माझ्या.
दोघांच्याही ते लक्षात आलं,
आणि पिशवीला रबर लावण्यात
आम्ही जरा जास्तच वेळ घालवला.
मग तो तिकडे गेला. मी इकडे.

आता वाट त्याची.
धुळीत बुटांचे ठसे, डावी टाच घासलेली
(बदल म्हणून किती वर्षं सांगतेय),
सगळे माझ्याकडे तोंड करून.
एका खडकावर संत्र्याची साल,
एकसंध, सर्पिल, शाळेत सोलायचा तशी.
तिथे बसून पाहिलं.
बरोबर समोर, पाण्यापलीकडे,
मी दम खायला थांबले होते तो चढ.

मोहाचं झाड आलं.
पुढे घसरण होती खरी.
पण मधोमध एक चपटा दगड बसवलेला,
कडेला बारीक खडे ठासून,
उकरलेली माती अजून ओली, काळी.
मी त्यावर पाय ठेवला.
हलला नाही.

तेव्हा आठवून पाहिलं
माझ्या बाजूला मी काय ठेवून आले.
शेंगांची टरफलं.
आणि म्हशीपाशी बोललेलं ते सगळं.

गाडीची किल्ली त्याच्याकडे होती.
मी पाटीला टेकून उभी राहिले,
पाण्यावर ऊन तिरकं होईतो.
लाल टोपी भिंतीवरून हळूहळू मोठी होत आली.
आल्यावर त्याने आधी खिसे उलटे केले,
मूठ मूठ टरफलं काढून डब्यात टाकली.
"कुणीतरी वाटभर सांडलीत," म्हणाला.
आणि माझ्याकडे न बघता गाडीचं दार उघडलं,
माझ्या बाजूचं.